वाचकांचे प्रश्न : वनस्पतींची उतरंड आणि आपली डिजिटल वही

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून चिपळूण परिसरातील झाडाझुडपांच्या नोंदी गेली अकरा वर्षे ठेवत आहे. पूर्वी त्या वहीत असत, आता संगणकावर आहेत. सृष्टी, विभाग, वर्ग, गण, कुल, उपकुल, प्रजाती, जाती असे एकात एक फोल्डर करून सुमारे 900 नोंदी मी त्यांत बसवल्या. रुईचे कुल बदलले असल्याचे समजल्यावर तो फोल्डर हलवला, तेव्हा इतर नोंदींतून त्या झाडाकडे जाणारे दुवे तुटले. काही छायाचित्रे तर पेन ड्राइव्हवर उतरेचनात, ‘नाव फार लांब आहे’ असा संदेश येऊ लागला. वर्गीकरण सोडून सरळ अकारविल्हे यादी करावी काय?

उत्तर : अकारविल्हे यादीकडे वळण्याची गरज नाही. वर्गीकरण आपण बरोबरच केले आहे, ते ठेवले मात्र चुकीच्या जागी. फोल्डरात फोल्डर ही मातीच्या मडक्यांची उतरंड असते. वरचे मडके सहज निघते, पण मधले काढायचे म्हटले की सगळा डोलारा हातात घ्यावा लागतो. वनस्पतींच्या वर्गीकरणात तर नेमकी मधलीच मडकी वारंवार बदलतात. जाती सहसा जागच्या जागी राहते, गणांची नावेही आता बऱ्यापैकी स्थिरावली आहेत, परंतु कुल आणि प्रजाती या दोन पायऱ्यांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत प्रचंड हालचाल झाली आहे. नाव लांब असल्याच्या तक्रारीचे कारणही हेच आहे. विंडोज प्रणालीत फाइलचा संपूर्ण मार्ग, म्हणजे सगळ्या फोल्डरांची नावे आणि शेवटी फाइलचे नाव, सर्वसाधारणपणे 260 अक्षरांच्या आत बसावा लागतो, आणि आठ लॅटिन नावे एकापुढे एक लिहिल्यावर छायाचित्राच्या नावाला त्यात जागा उरत नाही.

या कामात हर्बेरियमची रीत पाहण्यासारखी आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र 1955 सालापासून आहे आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आहे. अशा संग्रहांत वाळवलेली फांदी जाड कागदावर चिकटवतात आणि कोपऱ्यातील चिठ्ठीवर ती कोणी, कुठे व कधी गोळा केली हे लिहून संग्राहकाचा क्रमांक घालतात. पुढे एखाद्या तज्ज्ञाला ओळख चुकीची वाटली, तर तो जुनी चिठ्ठी फाडत नाही. स्वतःची नवी चिठ्ठी शेजारी डकवतो, तिच्यावर सही आणि तारीख घालतो आणि कागद नव्या नावाच्या जाड आवरणात ठेवला जातो. आवरण बदलते, कप्पा बदलतो, पण फांदी, तारीख आणि संग्राहकाचा क्रमांक जसेच्या तसे राहतात.

आपल्या वहीतही हेच करता येते. सर्व नोंदी एकाच सपाट फोल्डरात ठेवाव्यात आणि प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर ‘पालक’ नावाची एक ओळ लिहावी. त्या ओळीत फक्त लगतच्या वरच्या पायरीचे नाव द्यावे, त्याच्या वरचे काहीही लिहू नये. प्रत्येकाला आपल्या आईचे नाव सांगता आले म्हणजे पुरे, पणजीचे नाव आई सांगेल. रुईच्या नोंदीत पालक म्हणून कॅलोट्रॉपिस ही प्रजाती येईल. कॅलोट्रॉपिसची स्वतःची एक छोटी नोंद असेल, तिचा पालक कुल असेल, आणि कुलाच्या नोंदीत गणाचे नाव असेल.

याचा लाभ आपल्याच उदाहरणात दिसतो. रुईचे जुने कुल ॲस्क्लेपिएडेसी आता स्वतंत्र मानले जात नाही. ते करवंद, कण्हेर आणि सातवीण यांच्या ॲपोसायनेसी कुलात सामावले असून तेथे त्याला ॲस्क्लेपिएडॉइडी या उपकुलाचा दर्जा आहे. फोल्डरांच्या पद्धतीत या एका बदलासाठी रुई, हरणदोडी, खर्चुडीच्या सगळ्या जाती अशा डझनावारी नोंदी हलवाव्या लागतात. पालकाच्या पद्धतीत ॲस्क्लेपिएडेसीच्या एकाच नोंदीचे नाव बदलायचे आणि तिच्या पालकाच्या ओळीत ॲपोसायनेसी लिहायचे. मग रुईची नोंद उघडावीही लागत नाही. फक्त अनंतमुळाकडे वेगळे लक्ष द्यावे, कारण ते जुन्या व्यापक कुलात असले तरी आता पेरिप्लोकॉइडी या दुसऱ्या उपकुलात जाते, म्हणून हेमिडेस्मस प्रजातीच्या नोंदीतील ओळ निराळी बदलावी लागेल.

सगळे बदल इतके सुटसुटीत नसतात. साग, निर्गुडी आणि शिवण ही झाडे जुन्या पुस्तकांत व्हर्बिनेसी कुलात सापडतात, आज ती तुळशीच्या लॅमिएसी कुलात आहेत, पण घाणेरी मात्र व्हर्बिनेसीतच राहिली आहे. येथे कुल जसेच्या तसे उचलून चालत नाही, टेक्टोना, व्हायटेक्स, मेलिना अशी एकेका प्रजातीची ओळ बदलावी लागते. लिलिएसीचे तर अक्षरशः विभाजन झाले. कळलावी कोल्चिकेसीत गेली, शतावरी आणि सफेद मुसळी ॲस्परॅगेसीत, कोरफड ॲस्फोडेलेसीत, तर कांदा-लसूण ॲमॅरिलिडेसीत गेले. याच्या उलट सावरीचे बॉम्बेकेसी, मुरुडशेंगेचे स्टर्क्युलिएसी आणि धामणीचे टिलिएसी ही तीन कुले जास्वंदीच्या माल्व्हेसीत विलीन झाली. हे सारे बदल एका बैठकीत करण्याचा आग्रह धरू नये. ज्या झाडाची नोंद काही कारणाने उघडली, त्याच्या प्रजातीची ओळ तेवढी तपासावी.

आणखी एक गोष्ट पालकाच्या पद्धतीतच नीट बसते, ती म्हणजे पायऱ्यांची असमान संख्या. शाळेच्या पुस्तकातील सात पायऱ्यांची शिडी सरळ असते, निसर्गातली नसते. शेंगाधारी कुलात उपकुलावाचून काम भागत नाही, आणि पुष्कळ लहान कुलांत उपकुल शोधूनही सापडत नाही. सपुष्प वनस्पतींचे सध्या बहुतेक ठिकाणी मान्य असलेले वर्गीकरण ए.पी.जी. या नावाने ओळखले जाते. त्याची पहिली आवृत्ती 1998 मध्ये, त्यानंतरच्या 2003 आणि 2009 मध्ये आणि चौथी 2016 मध्ये आली. चौथीत 64 गण आणि 416 कुले आहेत, परंतु गणाच्या वर ठरावीक दर्जाची नावेच दिलेली नाहीत, एकातून एक निघालेले समूह दाखवले आहेत. अशा मांडणीसाठी ‘विभाग’ आणि ‘वर्ग’ असे रिकामे फोल्डर सांभाळणे हा निव्वळ सोपस्कार होतो. या 64 गणांच्या व 416 कुलांच्या नोंदी आधीच करून ठेवण्याचा मोहही टाळावा. ज्या कुलातील एखादे तरी झाड आपण प्रत्यक्ष पाहिले आहे, त्याचीच नोंद वहीत असावी.

शब्दांविषयी एक सूचना करणे भाग आहे. मराठी परिभाषेत ‘जाती’ ही सर्वांत खालची पायरी असून ‘प्रजाती’ तिच्या वरची आहे. हिंदीत ‘प्रजाति’ म्हणजे आपली जाती. वृत्तपत्रांतून हिंदीचा अर्थ मराठीत इतका रुळला आहे की ‘नवी प्रजाती सापडली’ या मथळ्याखाली बहुधा नवी जातीच असते. वहीत ‘दर्जा’ अशी एक ओळ ठेवून तेथे काटेकोर शब्द वापरावा, नाहीतर शोध घेताना दोन पायऱ्यांची सरमिसळ होईल.

प्रश्न : मी साताऱ्याचा असून कासच्या पठारावर वरचेवर जातो. मला लॅटिन नावे लक्षात राहत नाहीत, म्हणून नोंदींची नावे मराठीत ठेवली आहेत. परंतु शोधताना काही नोंदी सापडतच नाहीत, आणि एकाच नावाची दोन-तीन झाडे निघतात. काय करावे?

उत्तर : मराठी नावांचा त्याग करू नका, पण नोंदीचा मथळा म्हणून ती चालत नाहीत. चाफ्याचेच पाहा. सोनचाफा मॅग्नोलिएसी कुलातला, हिरवा चाफा ॲनोनेसी म्हणजे सीताफळाच्या कुलातला, देवळापुढचा पांढरा चाफा ॲपोसायनेसी म्हणजे कण्हेरीच्या कुलातला, नागचाफा कॅलोफिलेसीतला आणि भुईचाफा चक्क हळदीच्या झिंजिबरेसी कुलातला. पाच चाफे, पाच कुले. त्यांपैकी सोनचाफा आणि हिरवा चाफा निदान एका गणातले, मॅग्नोलिएलीझमधले, शेजारी तरी आहेत, बाकीच्यांत सुगंध आणि नाव यापलीकडे नाते नाही. प्रदेश बदलला की अर्थही बदलतो. खानदेशातला माणूस अंजन म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हार्डविकिया बिनाटा हा शेंगाधारी वृक्ष असतो, आणि महाबळेश्वरच्या बाजूला अंजन किंवा अंजनी म्हणजे निळ्या फुलांची मेमेसायलॉन.

म्हणून मथळ्यात शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहावे (येथे आम्ही ते मासिकाच्या सोयीसाठी देवनागरीत देत आहोत) आणि मराठी नावे ‘उपनावे’ या ओळीत द्यावीत. नोंदवहीच्या बहुतेक चांगल्या प्रणालींत एका नोंदीला कितीही उपनावे देता येतात आणि त्यांपैकी कोणतेही टंकले तरी तीच नोंद समोर येते. उपनावापुढे ते कुठे ऐकले तेही लिहून ठेवले, तर काही वर्षांनी हीच ओळ वहीतील सर्वांत मोलाची ठरेल, कारण लॅटिन नाव कुठेही मिळते, पण एखाद्या वाडीतल्या आजींनी सांगितलेले नाव दुसरीकडे मिळण्याचा भरवसा नसतो.

नोंदी न सापडण्याचे कारण शुद्धलेखन आहे, आणि ते फक्त ऱ्हस्व-दीर्घापुरते नाही. ‘जांभूळ’ आणि ‘जांभुळ’, ‘रुई’ आणि ‘रूई’ ही संगणकाच्या दृष्टीने निरनिराळी नावे आहेत, हे उघड आहे. त्याहून फसवा प्रकार ‘ॲ’ या अक्षराचा आहे. ते एका संपूर्ण चिन्हाने लिहिता येते, तसेच ‘अ’ला अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र लावूनही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधयंत्राला ती वेगळी वाटू शकतात. भ्रमणध्वनीवर टंकलेले ‘ॲकेशिया’ घरच्या संगणकावर सापडत नसेल, तर संशय प्रथम येथे घ्यावा. एकाच कळफलकाची सवय ठेवणे किंवा दोन्ही रूपे उपनावांत टाकणे, हाच यावरचा उपाय.

शास्त्रीय नावही बदलते, मग मथळा का बदलू नये, असे आपण विचाराल. जरूर बदलावा. सोनचाफा पूर्वी मायकेलिया चंपाका होता, आता मॅग्नोलिया चंपाका आहे. टाकळा कॅशिया टोरा होता, आता सेन्ना टोरा आहे. तुळशीचे ऑसिमम सँक्टम हे नाव मागे पडून ऑसिमम टेन्युइफ्लोरम रूढ झाले आहे. मथळा बदलताना जुने नाव उपनावांत उतरवले की जुन्या पुस्तकातून आलेला वाचकही, म्हणजे दहा वर्षांनंतरचे आपण स्वतःच, योग्य नोंदीवर पोहोचतो.

प्रश्न : मी नाशिकच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकतो. आम्हांला बेंथम आणि हूकर यांची पद्धत शिकवतात, संकेतस्थळांवर ए.पी.जी. दिसते. एका वहीत दोन्ही कशा ठेवाव्यात?

उत्तर : पालकाची ओळ एकच असली पाहिजे असा कोणताही नियम नाही. ‘पालक’ आणि ‘पालक-बेंहू’ अशा दोन ओळी ठेवा. दोन्ही ओळी प्रजातीच्या नोंदीत भरायच्या आहेत, जातीच्या नोंदीत नव्हे, त्यामुळे काम दुप्पट होत नाही.

जुनी पद्धत टाकून द्यावी असे आम्हांला वाटत नाही, आणि ते केवळ परीक्षेपुरते नाही. बेंथम आणि हूकर यांचा ग्रंथ 1862 ते 1883 या काळात प्रसिद्ध झाला. हूकर यांनी 1872 ते 1897 दरम्यान सात खंडांत लिहिलेली ब्रिटिश भारताची वनस्पतिसूची आणि थिओडोर कुक यांची 1901 ते 1908 मधील मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची त्याच मांडणीने चालते. सह्याद्रीतील झाड ओळखण्यासाठी कुक यांची पुस्तके आजही उघडावी लागतात, आणि ती उघडण्यासाठी झाड जुन्या कुठल्या कप्प्यात होते हे माहीत असावे लागते. मराठी विश्वकोशातील अनेक नोंदींतही ‘कुल–लेग्युमिनोजी’ अशीच जुनी नावे भेटतात. हे नाव मात्र चुकीचे समजू नये. लेग्युमिनोजी आणि फॅबेसी, पामी आणि ॲरेकेसी, ग्रामिनी आणि पोएसी अशा आठ कुलांसाठी दोन्ही नावे नियमाने मान्य आहेत.

भाषांतर करताना एका ठिकाणी विद्यार्थी हमखास घसरतात. हूकर यांच्या परंपरेतील पुस्तकांत ज्याला ‘ऑर्डर’ म्हटले आहे, ते आजचे कुल आहे, आजचा गण नव्हे. आजच्या गणासाठी ते ‘कोहोर्ट’ हा शब्द वापरतात. ही तफावत ध्यानात न घेता जुन्या पुस्तकातील ‘ऑर्डर’ गणाच्या रकान्यात भरली, की वहीत रॅनन्क्युलेसी नावाचा एक गण उगवतो आणि रॅनन्क्युलेलीझ या खऱ्या गणाशी त्याचा मेळ काही केल्या लागत नाही.

शेंगाधारी कुलाची मांडणी दोन्ही ओळींत करून पाहा, तेवढ्या एका सरावात पुष्कळ गोष्टी उलगडतील. जुन्या पद्धतीत त्याची तीन उपकुले होती : पळस-पांगाऱ्याचे, बहावा-चिंचेचे आणि बाभूळ-शिरीषाचे. 2017 मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी मिळून सहा उपकुलांची मांडणी प्रसिद्ध केली. तीत पळस आणि पांगारा आपल्या जागी राहिले. मधल्या गटातून आपटा सर्सिडॉइडीत गेला, चिंच आणि सीतेचा अशोक डिटॅरिऑइडीत गेले, बहावा आणि गुलमोहर सिसाल्पिनिऑइडीत राहिले, आणि बाभूळ-शिरीषाचा संपूर्ण गट स्वतंत्र उपकुल न राहता त्याच सिसाल्पिनिऑइडीत आला. बाभळीच्या प्रजातीचेही नाव बदलले आहे. ॲकेशिया ही विशाल प्रजाती विभागताना ते नाव कोणत्या तुकडीकडे राहावे यावर मोठा वाद झाला, आणि 2005 च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातील बहुसंख्य जातींकडे गेले. 2011 मध्ये मेलबर्न येथे तो निर्णय कायम राहिला. परिणामी आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका आणि खैर सेनेगालिया कॅटेचू झाला. ‘अकेशिया’ म्हणून नर्सरीत मिळणारे ऑस्ट्रेलियन झाड आता नावावर हक्काने मिरवते आणि माळावरची बाभूळ नाव गमावून बसली आहे, याची थोडी चुटपुट वाटते खरी, पण वहीत भावनेला स्वतंत्र रकाना नाही.

असे वाद असल्यामुळे प्रत्येक पालकाच्या ओळीशेजारी ‘कोणाच्या मते’ आणि तारीख लिहिण्याची सवय लावून घ्या. क्यू येथील उद्यानाचे ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ आणि ‘वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन’ ही दोन्ही संकेतस्थळे विश्वासार्ह आहेत, तरी प्रत्येक नावाबाबत त्यांचे एकमत असतेच असे नाही. दोहोंतून एक निवडून त्याच्याशी एकनिष्ठ राहणे सोयीचे. ‘द प्लांट लिस्ट’ ही यादी अजूनही काही ठिकाणी आधाराला घेतली जाते, पण 2013 नंतर तिच्यात भर पडलेली नाही.

प्रश्न : या कामासाठी कोणते ॲप घ्यावे?

उत्तर : ज्यातील नोंदी आपल्या संगणकावर साध्या मजकुराच्या फाइली म्हणून राहतात, ते घ्यावे. ऑब्सिडियनमध्ये तसे आहे, त्यात उपनावे आणि पालकासारख्या ओळी लिहिण्याची सोय आहे, आणि ॲपच्या आतून मथळा बदलल्यास इतर नोंदींतील दुवे आपोआप सुधारून घेण्याची सोयही आहे. त्यात तिरप्या रेषांनी जोडलेले बहुपदरी टॅग देता येतात. ते आकर्षक दिसतात, पण प्रत्येक नोंदीत संपूर्ण वंशावळ लिहायला लावतात, म्हणजे फोल्डरांचेच दुखणे दुसऱ्या वेषात. टॅग फुलांचा रंग, अधिवास आणि बहराचा महिना यांसाठी राखून ठेवावेत.

प्रश्न : काही झाडांचे फक्त कुल ओळखता येते, काहींचे तेवढेही नाही. त्यांची नोंद उतरंडीत कुठे बसवावी?

उत्तर : जेथवर खात्री आहे, तेथवरच पालक लिहावा. समोरासमोरची पाने, चौकोनी खोड आणि दोन ओठांचे फूल पाहून लॅमिएसी कुल वाटले, पण पुढे काही उमगले नाही, तर त्या नोंदीचा पालक थेट लॅमिएसी राहील. फोल्डरांत अशा झाडासाठी ‘अज्ञात प्रजाती’ नावाचा खोटा कप्पा करावा लागे, येथे तो लागत नाही. ज्याचे कुलही कळत नाही, त्याच्या पालकाची ओळ कोरी ठेवावी. पालक नसलेल्या नोंदी एका शोधात एकत्र काढता येतात आणि जाणकार भेटला की तीच यादी त्याच्यापुढे धरता येते.

अशा नोंदीला मथळा काय द्यावा, हा त्याला लागून येणारा प्रश्न. त्यासाठी हर्बेरियमच्या संग्राहकासारखा स्वतःचा क्रमांक सुरू करावा, उदाहरणार्थ वर्ष आणि त्या वर्षातील अनुक्रम मिळून 2024-037, आणि छायाचित्रांनाही हाच क्रमांक द्यावा. पुढे ओळख पटली की या क्रमांकाच्या नोंदीत पालक म्हणून जातीचे नाव भरायचे, आणि ओळख चुकीची निघाली तर तेवढी ओळ खोडून, जुने मत तारखेसह खाली ठेवून, नवे लिहायचे. छायाचित्र, जागा आणि दिवस यांना हात लावावा लागत नाही.